शिकारी कुत्रा कसा ठेवलाय, ते हंगाम संपल्यावर बघा

‘शिकारी लोक कुत्र्यावर खरंच जीव लावतात, की बंदुकीसारखं वापरून कोपऱ्यात ठेवतात?’ असं तुम्ही विचारलंय. मी पशुवैद्य आहे आणि अशी कुत्री वीसेक वर्षं तपासत आलोय. स्वतः शिकार करत नाही, हे आधीच सांगतो. दोन्ही तऱ्हेचे मालक पाहिले. एकाच माणसात दोन्ही पाहिलं, ते शेवटी सांगतो.

‘शिकारी कुत्रा’ असा एकच प्राणी नसतो. ग्रेहाउंड, सालुकी, मुधोळ ही नजरेवर धावणारी कुत्री. सावज दिसलं की सुटली. ग्रेहाउंड ताशी ६५-७० किलोमीटर पळतो. ब्लडहाउंड आणि बीगल नाकाने माग काढत तासन्‌तास चालतात. पॉइंटर पक्ष्याचा वास आला की एक पाय उचलून जागच्या जागी थिजतो. रिट्रीव्हर पडलेला पक्षी दात न रुतवता उचलून आणतो. डाक्सहुंडचे तोकडे पाय बॅजर नावाच्या, जमिनीखाली राहणाऱ्या प्राण्याच्या बिळात शिरण्यासाठी. जर्मनमध्ये ‘डाक्स’ म्हणजेच बॅजर. काम बदललं की धोका बदलतो, आणि मालकाची वागणूकही बरीचशी त्यावरच ठरते.

रिट्रीव्हरवाल्यांकडची कुत्री मला सहसा धडधाकट दिसली. यात मालकाचा चांगुलपणा असेलही, पण स्वार्थ नक्की आहे. मार खाल्लेलं कुत्रं तोंडात पक्षी धरून मालकापर्यंत यायलाच कचरतं, दहा पावलांवर घुटमळतं. रानडुकरावर सोडलेल्या कुत्र्यांची गोष्ट वेगळी. तिथे कुत्र्याने डुकराला अडवून किंवा धरून ठेवायचं असतं, आणि डुकराचा सुळा बाहेरून बोटभर दिसणारी जखम करतो. आत मात्र कातडी आणि स्नायूंच्या मध्ये हातभर पोकळी झालेली असते. जाणकार लोक छाती-पोटावर जाड संरक्षक जाकीट चढवतात. काहीजण मात्र ‘जाकिटाने कुत्रं जड होतं’ म्हणून उघडंच सोडतात. अंगावर काही जड झालं की कुत्रं लवकर तापतं, हे खरं आहे. तरीही माझा कौल जाकिटालाच.

आणखी एक. माझ्याकडे आलेली निम्मीअधिक दुखणी क्रौर्यातून आलेली नव्हती, अज्ञानातून आली होती. पाठलागाच्या भरात कुत्रं स्वतःहून थांबत नाही, ते मालकानेच थांबवायचं असतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८-३९ अंश सेल्सिअस. धावून ते ४१ च्या वर गेलं आणि पाय लडखडायला लागले, तर आधी जागेवरच भरपूर पाणी ओता, वारा घाला, मगच गाडीत घाला. लोक उलट करतात, बंद गाडीत कोंबून दवाखान्याकडे धाव घेतात आणि वाटेतच कुत्रं जातं. खोल छातीच्या जातींना पळण्याच्या अगदी आधी किंवा दमून आल्याआल्या पोटभर खायला घालू नये, पोट फुगून पिळा बसू शकतो. कान किंवा बोटांच्या बेचक्यात शिरलेलं कुसळ त्याच संध्याकाळी शोधावं, नाहीतर ते आत सरकत जातं. आणि शाबासकी म्हणून रानडुकराचं कच्चं मांस कुत्र्यापुढे टाकू नये. त्यातून ऑजेस्की या डुकरांच्या रोगाचा विषाणू आला तर कुत्रं दोन-तीन दिवसांत मरतं आणि आम्ही काही करू शकत नाही.

बंदुकीच्या आवाजाला घाबरणारं कुत्रं ‘भित्रं निघालं’ म्हणून टाकून देतात. बहुतेक वेळा ते भित्रं जन्मलेलं नसतं, कुणीतरी पिल्लाच्या डोक्याशी पहिल्याच दिवशी बार काढलेला असतो. आवाजाची सवय लांबून, पिल्लू खाण्यात किंवा खेळात रमलेलं असताना, हळूहळू अंतर कमी करत लावायची असते. शिकवण्यासाठी कुत्र्याच्या गळ्यात घालतात त्या, विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यावर वेल्सने २०१० मध्येच बंदी घातली. ज्यांना धीर नाही, त्यांचं ते हत्यार, असं माझं मत. यावर वाद घालणारे येतीलच, येऊ देत.

कुत्र्याला जवळ करणं हे आजकालचं खूळ आहे, असंही नाही. दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक एरियन स्वतः सशामागे कुत्री सोडायचा. त्याच्या आवडत्या कुत्रीचं नाव होर्मे. त्याने लिहून ठेवलंय की कुत्र्याने माणसाजवळ झोपावं. त्याला सोबत आवडते, शिवाय रात्री त्याला काही होत असेल तर कळतं. ससा निसटला तर एरियनला वाईटही वाटत नसे.

तेव्हा शिकारीच्या दिवशी मालक कुत्र्याला किती थोपटतो, यावर जाऊ नका. त्या दिवशी सगळेच थोपटतात. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांच्या ताफ्याने कोल्ह्याची शिकार करणं बंद झालं, पण तो कायदा कोल्ह्यासाठी होता. ताफ्यातल्या हाउंडना खाणं, निवारा, औषध उत्तम मिळे. आणि बाकीच्यांबरोबर धावता येईनासं झालं की सहा-सात वर्षांचं कुत्रं मारून टाकण्याची रीतही होती. स्पेनमध्ये ग्रेहाउंडसारखी गाल्गो नावाची जात आहे. जानेवारीअखेर सशांचा हंगाम संपला की तिथे कितीतरी गाल्गो रस्त्यावर येतात, म्हणून १ फेब्रुवारी हा त्यांचा दिवस पाळतात. तिथे २०२३ मध्ये प्राणी कल्याणाचा नवा कायदा आला, त्यातून शिकारी कुत्र्यांना मात्र वगळलं.

कुणा शिकाऱ्याशी बोलाल तेव्हा दोनच गोष्टी विचारा. कुत्रं रात्री कुठे झोपतं? आणि आधीचं कुत्रं कुठे आहे? दुसऱ्या प्रश्नावर माणूस कसा चाचरतो, ते बघा.

आता ते शेवटचं. एकजण सुळ्याने फाटलेली कुत्री स्वतःच्या शर्टात गुंडाळून घेऊन आला होता. अंगात नुसता बनियन, दीड तास टाके पडेपर्यंत तिचं डोकं धरून उभा. मला तो माणूस फार आवडला होता. दोन वर्षांनी तोच तिला पुन्हा घेऊन आला. मागचा पाय कायमचा अधू झाला होता, आता धावत नाही, ‘एक इंजेक्शन देऊन टाका’ म्हणाला. रडत होता, हेही सांगायला हवं. मी नाही म्हटलं, तर दोरी खिडकीच्या गजाला बांधून निघून गेला.