सोमवारी शाळा हाय

शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. तिचे बाबा होते. "मॅडम, पोरीनं तीन दिवसांपासून पोटभर खाल्लं नाई. सोमवारी शाळा हाय तिची. म्हनते, मी जातच नाई."

मी समुपदेशनाचं काम करते, जून संपत आला की मला असे फोन येतातच. बाकी महाराष्ट्रात शाळा 15 जूनच्या सुमारास उघडतात, आमच्या विदर्भात उन्हापायी आठ-पंधरा दिवस उशिरा. शाळेची भीती म्हटलं की सगळ्यांना पहिलीतलं रडकं पोर आठवतं. पण त्याच दिवसांत माझ्याकडे शिक्षकांचेही फोन असतात, फक्त ते दबक्या आवाजात बोलतात. "मुलांसमोर उभं राहता आलं नाही तर?" हा प्रश्न नोकरी लागलेल्या माणसानं विचारायचा नसतो, असं त्यांना वाटतं. म्हणून हा अनुभव तिला विचारून, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून लिहिते आहे.

ती बुलडाणा जिल्ह्यातली. डी.एड. केलं, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा दिली, भरतीसाठीची टेट दिली, मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीकडे डोळे लावून बसली. मधली वर्षं शिकवण्या घेतल्या. आता नेमणूक मिळाली ती यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर. दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, 23 मुलं. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं, मानधन 16 हजार. 2023 च्या आधी ते 6 हजारच होतं, त्यामुळे गावात पेढे वाटले गेले यात नवल नाही. पण पेढे वाटल्यावर "मले भेव वाटते" म्हणायची सोय राहत नाही.

दुपारी दोघं यवतमाळला आली. बाबा बाहेर बाकावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवून. आधी मी चार प्रश्न सरळ विचारले: हे किती दिवसांपासून, झोप किती, छातीत धडधडून मरतेय असं कधी वाटलं का, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का. शेवटच्या प्रश्नाला "हो" आलं असतं, तर पुढचं काहीच केलं नसतं, त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेले असते. (घरात कोणाचं असं होत असेल आणि जवळ कोणी नसेल, तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. तिथं मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.) तिचं तसं नव्हतं. नेमणुकीचं पत्र आल्यापासूनच सुरू झालेलं होतं.

मग तिनं पिशवीतून वही काढली. दोनशे पानी, जवळजवळ भरलेली. पहिल्या दिवसाचं टाचण मिनिटामिनिटाचं होतं, ते ठीक. त्यापुढे लाल पेनानं "तर"ची यादी. मुलं हसली तर. एखादं पळून गेलं तर. मुख्याध्यापक दाराशी येऊन उभे राहिले तर. प्रत्येकापुढे उत्तर. मी मोजले, 41 निघाले.

"हे लिहिल्यावर बरं वाटतं?"

"वाटते ना ताई. दहा मिनिटं."

"मग?"

"मग नवीन सुचते."

ही वहीच भीतीचा खुराक होती. उत्तर लिहिलं की जीव थंडावतो, आणि मन एवढंच शिकतं की लिहिलं म्हणून वाचलो, नाहीतर काही खरं नव्हतं. मग ते पुढचा "तर" शोधायला निघतं. शाळेत न जाण्याचंही तसंच. सोमवारी घरी राहिली असती तर दहा वाजता हायसं वाटलं असतं, आणि मंगळवार सोमवारपेक्षा जड गेला असता.

पूर्वी मी अशा वेळी "घाबरू नकोस, सगळं छान होईल" म्हणत असे. एक मुलगा ते ऐकून जो गेला तो परत आलाच नाही. त्याला कळलं असणार की या बाईला माझी भीती ऐकायचीच नाहीये.

तिला मी विचारलं, यातला खरा "तर" कोणता? बराच वेळ ती पदराची, म्हणजे ओढणीची, किनार गुंडाळत राहिली. मग डी.एड.चा एक सराव पाठ निघाला. फळ्याशी उभी असताना डोकं ब्लँक झालं होतं, मागे बसलेलं कोणीतरी खुदकन हसलं होतं. आणि त्याखाली आणखी एक: "त्या पोराईची भाषाच मले येत नाई. मी बोलन आन् ते नुसते पाहत रायतीन."

ही भीती मात्र नुसती भीती नव्हती, ती अडचण होती. तिला उपाय लागतो. कोलामी ही मराठीच्या नात्यातली भाषाच नव्हे, तेलुगू-गोंडीच्या कुळातली. पहिलीतलं पोर घरून तीच घेऊन येतं.

मग आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. रविवारी सकाळी बाबांसोबत शाळेत जायचं. वर्ग उघडून घ्यायचा, फळ्यावर तारीख लिहायची, रिकाम्या वर्गात आपलं नाव मोठ्यानं सांगायचं, आणि पोटातला गोळा थोडा सैल होईपर्यंत तिथून निघायचं नाही. आणि टाचण फक्त पहिल्या पंधरा मिनिटांचं. वही माझ्याकडे. ती देताना तिचा हात जरा रेंगाळला. झोपेबद्दल एवढंच म्हणाले की, नाही आली तर नुसती पडून राहा. एका रात्रीच्या जागरणानं कोणाचं शिकवणं बुडत नाही.

रविवारी शाळेची किल्ली खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे होती. वर्गात बकऱ्यांच्या लेंड्या. ती झाडायला लागली, मावशी मदतीला आल्या, आणि झाडता झाडता तिनं विचारलं, "पान्याले तुमच्यात काय म्हनतात?"

"ईर."

सोमवारी परिपाठानंतर ती पाण्याचा पेला घेऊन वर्गात उभी राहिली. हात थरथरत होता, पाणी हलत होतं, ते मुलांनाही दिसत होतं. "इर," ती म्हणाली. शांतता. मग मागच्या रांगेतला एक जण कंटाळल्यासारखा म्हणाला, "ईsssर." चुकलेल्या मॅडमला दुरुस्त करायला सगळा वर्ग तुटून पडला. मग तिनं फळ्यावर "पाणी" लिहिलं.

पंधरा मिनिटांनंतर डोकं ब्लँक झालंच. ती खुर्चीत बसली, मुलांची नावं विचारत राहिली, आणि तास संपला.

वही अजून माझ्या कपाटात आहे. परवा तिचा फोन आला तेव्हा विचारलं, न्यायची का? "ठेवा तिथंच. आता शाळा तपासायले केंद्रप्रमुख येनार असले की येते थोडा गोळा, पन..." आणि मध्येच फोन तोंडापासून लांब धरून ओरडली, "ए, ईर सांडू नको रे!"