मॅग्ना कार्टा वाचायला घेताय? आधी हिशेब बघा

मॅग्ना कार्टा म्हणजे इंग्लंडच्या जॉन राजाने 1215 मध्ये बंडखोर सरदारांना दिलेली सनद. ती वाचताना कलम 39 पासून (कायदेशीर निवाड्याशिवाय कुणा स्वतंत्र माणसाला अटक नाही) सुरुवात करू नका. सगळे तिथूनच करतात, आणि मग 1215 साली लोकशाही जन्मली असं वाटायला लागतं. आधी कलम 2 उघडा. सरदाराच्या वारसाने जहागिरीसाठी राजाला 100 पौंड नजराणा द्यायचा, बस्स. हे रुक्ष वाटेल, पण 1205 मध्ये निकोलस द स्टटव्हिलकडून जॉन राजाने याच कामासाठी 10,000 मार्क (मार्क म्हणजे दोन-तृतीयांश पौंड) मागितले होते, म्हणजे साडेसहा हजार पौंडांच्या वर! भांडणाचं मूळ इथे आहे.

एवढा पैसा कशाला? 1204 मध्ये फ्रान्समधला नॉर्मंडी हा प्रांत हातचा गेला, तो परत मिळवायला. 1214 मध्ये बूव्हीनच्या लढाईत फ्रान्सच्या राजाकडून जॉनच्या मित्रफौजांचा धुव्वा उडाला आणि सगळा खर्च पाण्यात गेला. पुढच्या मे महिन्यात बंडखोर सरदारांनी लंडन घेतलं, तेव्हा कुठे राजा जूनमध्ये थेम्सकाठच्या रनीमीडच्या कुरणावर सनद द्यायला आला. (चित्रांत तो सही करताना दिसतो, प्रत्यक्षात मोहोर उमटवली गेली.)

कलम 61 मात्र सावकाश वाचा. राजाने शब्द मोडला तर 25 सरदारांनी त्याचे किल्ले, जमिनी जप्त कराव्यात असं त्यात चक्क लिहिलंय. कुठला राजा हे चालू देईल? ऑगस्टमध्येच पोप तिसऱ्या इनोसंटने सनद रद्द केली आणि युद्ध पेटलं. जॉन 1216 मध्ये मेल्यावर, त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या, हेन्रीच्या नावाने ती पुन्हा काढली गेली, तेव्हा हे कलम गुपचूप वगळलेलं होतं. हेन्रीने 1225 मध्ये सनद पुन्हा काढली, त्यामुळे 1215 आणि 1225 चे मसुदे शेजारी ठेवूनच वाचा.