पुरुषाच्या छातीतून दूध येतंय, म्हणजे नक्की काय होतंय?

"मॅडम, मला कॅन्सर तर नाही ना? की मी बाई व्हायला लागलोय?" ही तक्रार घेऊन येणारे पुरुष कमी, पण जे येतात ते हा प्रश्न सेशन संपून उठता उठता विचारतात. म्हणून एका क्लायंटबद्दल लिहितेय, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

तिशीतलं जोडपं, तक्रार बायकोची, की हा जवळच येत नाही, पाठ करून झोपतो, मूल हवंय तर कसं व्हायचं, बाहेर काही चालू आहे का. त्याच्याशी एकट्याने बोलले तेव्हा हळूहळू निघालं. ऐन मे महिन्यात अंगात दोन बनियन, आतल्या बनियनखाली घडी घातलेला रुमाल. दोन्ही स्तनाग्रांतून पांढरट पाणी यायचं आणि आज थांबलं का बघायला हा रोज आंघोळीत दाबून बघायचा. रात्री मोबाईलवर 'मेंदूतली गाठ' वाचून झोप उडालेली, आणि घरी एक अक्षर बोललेला नाही.

पहिलं त्याला सांगितलं, दाबणं बंद कर, कारण चोळल्याने दाबल्यानेच ते येत राहतं. दुसरं सांगितलं की दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हार्मोन पुरुषांतही असतंच, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं, आणि डोपामिन हे मेंदूतलं रसायन त्याला सतत ब्रेक लावून धरतं. तो ब्रेक सुटला की प्रोलॅक्टिन वाढतं, त्याने टेस्टोस्टेरॉन खाली जातं, मग इच्छा कमी होते, ताठरता कमी होते, शुक्राणूंवरही परिणाम होऊ शकतो. म्हणजे बायकोची तक्रार आणि रुमाल, दोन्हीचं मूळ एकच असू शकतं. हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे माझं मन नाही उडालं तिच्यावरून?"

पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स आणायला सांगितल्या, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या सुद्धा. कॅरीबॅगमधून निघाली ॲसिडिटीची कॅप्सूल, रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड एकत्र. नाइट शिफ्टमुळे पोट बिघडायचं म्हणून कधीतरी सुरू केली आणि मग महिनोन्‌महिने रोज सकाळी उपाशीपोटी चालूच. त्याच्या डोक्यात ते 'औषध' नव्हतंच. लेव्होसल्पिराइड डोपामिनलाच अडवतं, डोमपेरिडोन आणि मेटोक्लोप्रामाइडही तेच करतात, आणि आपल्याकडे अशा कॅप्सूल काउंटरवर चॉकलेटसारख्या मिळतात याचा मला खरंच राग येतो.

मी डॉक्टर नाही, म्हणून त्याला एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. प्रोलॅक्टिन, थायरॉइड, किडनी, लिव्हर, टेस्टोस्टेरॉन असं सगळं रक्तातून तपासलं, कारण थायरॉइड कमी असलं किंवा किडनी बिघडली तरी प्रोलॅक्टिन वाढतं. पुरुषांत ते साधारण मिलिलिटरमागे 15 ते 20 नॅनोग्रॅमच्या आत असतं, याचं त्याच्या कितीतरी पट. डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवली, काही आठवड्यांनी परत तपासलं तर नॉर्मल, एमआरआय लागलाच नाही. रुमाल सुटला. नवराबायकोत जे तुटत आलं होतं त्याला मात्र जास्त वेळ लागला, कारण ती इतके दिवस स्वतःलाच दोष देत होती, त्यावर आम्ही वेगळं बसलो.

आता त्या गाठीबद्दल, कारण सगळ्यात जास्त भीती तिचीच. औषधाचं कारण सापडलं नाही किंवा प्रोलॅक्टिन खूपच जास्त, म्हणजे 200 च्या वर असलं, तर पिट्युटरीचा एमआरआय करतात, आणि तिथे प्रोलॅक्टिनोमा नावाची गाठ निघू शकते. ती जवळजवळ नेहमीच कॅन्सरची नसते, आणि बहुतेकांची कॅबरगोलिनच्या गोळीने आकसते, आठवड्यातून एकदा-दोनदा घ्यायची, ऑपरेशन थोड्यांनाच लागतं. फक्त डोकं सतत दुखत असेल किंवा बाजूचं दिसेनासं झालं, गाडी चालवताना कडेची माणसं दिसत नाहीत असं काही, तर थांबू नका, कारण मोठी गाठ डोळ्यांच्या नसांवर दाब देते.

मानसिक आजाराच्या गोळ्यांवर असाल, विशेषतः रिस्पेरिडोन, तर हे त्यानेही होतं. पण लाजेपोटी गोळी स्वतःहून बंद करू नका, आजार उलटतो. सायकियाट्रिस्टना सरळ सांगा, ते डोस कमी करतात किंवा ॲरिपिप्राझोलसारखं दुसरं देतात, त्यांच्यासाठी हे रोजचं आहे.

आणि एकाच बाजूने येत असेल, रक्त असेल, हाताला गाठ लागत असेल तर हार्मोनच्या डॉक्टरांआधी सर्जनकडे जा. पुरुषांना स्तनांचा कॅन्सर क्वचित होतो पण होतो, आणि मॅमोग्राफी, सोनोग्राफी पुरुषांचीही करतात.