आधी सोन्याचं लाल पाणी नीट जमव

प्रिय मैत्रिणी,

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तू तीन विषय कळवलेस: औषध वाहून नेणारे लिपिड (स्निग्ध पदार्थांचे) कण, क्वांटम डॉट्स म्हणजे अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म ठिपके, आणि धातू-सेंद्रिय जाळी, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेले सच्छिद्र सांगाडे. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉट्सना मिळालं आणि २०२५ चं या जाळ्यांना, तेव्हा ओढ वाटणं साहजिक आहे. तरी मी चौथा विषय सुचवते. सोन्याचे नॅनोकण बनव आणि त्यांवरून एक चाचणीपट्टी उभी कर: कणांना प्रतिपिंड चिकटवायचं, ते नमुन्यातला प्रतिजन (शोधायचा पदार्थ) पकडतं आणि पट्टीवर लाल रेषा उमटते. गर्भचाचणीची पट्टी आणि कोविडच्या अनेक घरगुती चाचण्या याच तत्त्वावर चालतात. पुण्याच्या मायलॅबच्या अशाच पट्टीला मे २०२१ मध्ये आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मान्यता मिळाली होती. विषय जुना वाटेल, पण इथे चूक झाली की रंग बदलतो आणि ती तुला डोळ्यांनी दिसते. लिपिड कणांत चूक कळायलाही महागडं यंत्र लागतं.

कण बनवायची कृती रसायनशास्त्रज्ञ टर्केविचची, १९५१ ची, आणि अजून तीच चालते. १३ नॅनोमीटरच्या कणांसाठी क्लोरोऑरिक आम्लाचं (सोन्याच्या संयुगाचं) १ मिलिमोलर द्रावण १०० मिली घे. ट्रायहायड्रेट असेल तर ३९.४ मिलिग्रॅम. हे संयुग हवेतलं पाणी ओढतं आणि धातूचा चमचा खातं, म्हणून प्लास्टिकचा चमचा वापर आणि बाटली उघडी ठेवू नकोस. गोल बुडाच्या फ्लास्कला कंडेन्सर लावून, जोरात ढवळत, द्रावण खळखळ उकळू दे. मग ३८.८ मिलिमोलर ट्रायसोडियम सायट्रेटचं १० मिली द्रावण (डायहायड्रेट ११४ मिलिग्रॅम) एका दमात ओत. थेंबाथेंबाने घातलंस तर बीजकण वेगवेगळ्या वेळी जन्मतात आणि लहानमोठे कण मिळतात. पिवळा रंग आधी जातो, मग काळपट निळा, जांभळा आणि शेवटी गडद लाल येतो. लाल झाल्यावरही १५ मिनिटं उकळत ठेव आणि ढवळतच थंड होऊ दे.

बहुतेकांचं बिघडतं ते याच्याही आधी, भांडी धुताना. काचेवर सोन्याचा किंवा साबणाचा अंश राहिला, तर कण तिथेच वाढायला लागतात आणि द्रावण जांभळट, गढूळ होतं. फ्लास्क आणि ढवळायची चुंबकपट्टी, दोन्ही आम्लराजाने धुवायची: हायड्रोक्लोरिक ३ भाग, नायट्रिक १ भाग, फ्यूम हूडमध्ये, ताजं बनवून. ते झाकण घट्ट लावून कधीही ठेवायचं नाही, वायूच्या दाबाने बाटली फुटते. ॲसिटोनने पुसलेलं भांडं त्यात घालायचं नाही. नंतर १८.२ मेगाओमच्या (अतिशुद्ध) पाण्याने भरपूर खळबळून घे. चरे पडलेली चुंबकपट्टी सरळ फेकून दे, इथे काटकसर महाग पडते.

आता वर्णपट घे, म्हणजे द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं त्याचा आलेख. शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास हवं आणि ६०० च्या पुढे रेषा खाली बसलेली हवी. तिथे खांदा दिसला तर कण एकमेकांना चिकटले आहेत. मूळ द्रावणाचं शोषण ३ च्या वर जातं, म्हणून दहापट पातळ करून मोज. शोषणांक २.७ × १०⁸ प्रति मोलर प्रति सेंटिमीटर धरलास तर कणांची संहती निघते, ती १० नॅनोमोलरच्या थोडी वर यायला हवी. प्रकाश-विकिरणाच्या यंत्राने आकार मोठा दाखवला तर लगेच घाबरू नकोस. विकिरण व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतं, त्यामुळे मोजके गठ्ठे सगळा आकडा फुगवतात. द्रावण ४ अंशांवर ठेव. गोठवलंस तर ते कायमचं गेलं.

यापुढचा टप्पा प्रतिपिंड चिकटवण्याचा, आणि खरा वेळ इथेच जातो. सायट्रेटच्या ऋणभारामुळे कण एकमेकांपासून दूर राहतात. मिठाने तो भार झाकला गेला की द्रावण निळं होतं. म्हणून फॉस्फेट-सलाइन या खारट बफरमधलं प्रतिपिंड सरळ ओतू नकोस, आधी ते २ मिलिमोलर बोरेटमध्ये डायलाइझ कर, म्हणजे पातळ पडद्यातून मीठ बाहेर जाऊ दे. बाटलीवर बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) लिहिलंय का तेही पाहा. असेल तर कणाची जागा तेच बळकावतं. सामू पोटॅशियम कार्बोनेटने ८ ते ९ कर, पण कागदाने तपास, कारण उघडे कण इलेक्ट्रोडच्या छिद्रांत अडकतात. मग मीठचाचणी: प्रत्येक नळीत ५०० मायक्रोलिटर द्रावण, वाढत्या प्रमाणात प्रतिपिंड, १० मिनिटं थांबून १० टक्के मिठाचं द्रावण. लाल राहिलेल्या नळ्यांपैकी सगळ्यांत कमी प्रतिपिंडाची निवड आणि प्रत्यक्षात त्याहून थोडं जास्त वापर. शेवटी १ टक्का बीएसएने उरलेली जागा भर.

पट्टीसाठी मात्र १३ चे कण फिके पडतात, ४० च्या आसपासचे घे. सायट्रेट कमी केलं की कण मोठे होतात, पण आकार पसरतो. त्यापेक्षा १३ चे बीज म्हणून वापरून वाढव. कण पट्टीच्या पॅडवर सुकवताना सुक्रोज विसरलीस तर ते पुन्हा सुटतच नाहीत. सुकलेल्या पट्ट्या सिलिका जेलसह लगेच सीलबंद कर, आपल्याकडच्या पावसाळ्यात एक उघडी रात्रसुद्धा पुरते. पहिली धाव नुसत्या बफरची घे. त्यातही चाचणीरेषा उमटली, तर कण प्रतिजनाशिवायच रेषेला चिकटतायत, प्रतिजन शोधायच्या आधी तो चिकटपणा शोध. नमुन्यात प्रतिजन फार असेल तरी रेषा फिकी येते, कारण कणांवरची आणि रेषेवरची प्रतिपिंडं वेगवेगळी व्यापली जातात. शंभरपट पातळ करून तोच नमुना पुन्हा चालव.

मला पुढच्या मेलमध्ये ४०० ते ८०० नॅनोमीटरचा वर्णपट पाठव, मीठ घालण्यापूर्वीचा आणि नंतरचा, एकाच आलेखावर. नळ्यांचा फोटो पांढऱ्या कागदासमोर काढ.

तुझी,
ताई