चीजला ड्रग म्हणायच्या आधी

अगं, तुझ्या प्रकरणाचा मसुदा वाचला काल रात्री. पहिलंच वाक्य "चीजमध्ये अफूसारखं ड्रग असतं", ते आधी खोड. दुधात असं काही सुटं तरंगत नसतं गं. बीटा-केसीन हे दुधातलं, म्हणून चीजमधलंही एक प्रोटीन, म्हणजे 209 अमिनो आम्लांची माळ, पचताना ती तुटते आणि 60 ते 66 नंबरचे सात मणी कधीकधी एकत्र सुटतात, तेच तुझं बीसीएम-7 (बीटा-कॅसोमॉर्फिन-7), ज्याला तू अफूसारखं म्हणतेस. खरी गंमत 67 नंबरवर आहे, तिथे हिस्टिडिन हे अमिनो आम्ल असेल (ए1 प्रकारचं दूध) तर तुकडा सहज सुटतो, प्रोलिन असेल (ए2) तर तो सांधा सहसा तुटतच नाही, आणि एवढ्याशा फरकावर अख्खं ए2 दुधाचं मार्केटिंग उभंय.

अशा तुकड्यांचं अफूसारखं काम 1979 मध्ये ब्रँटल, टेशेमाखर आणि इतर संशोधकांनी पकडलं ते गिनीपिगच्या आतड्यावर. आतड्याची पट्टी कोमट द्रावणात टांगायची, विजेचे हलके झटके द्यायचे, ती आकसते. पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा असा तुकडा, टाकला की आकसणं मंदावतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा आलेख खाली आलेला बघून उड्याच मारल्या, तर सर म्हणाले, पट्टी मेली नाही कशावरून? नॅलोक्झोन, म्हणजे अफूसारख्या पदार्थांचा परिणाम अडवणारं औषध, टाकायचंच राहिलं होतं! ते टाकल्यावर आकसणं परत आलं तरच ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारं, म्हणायचं.

बरं, पट्टीवर झालं म्हणून माणसात होतंच असं नाही, तू नेमकी इथेच उडी मारलीयस. मॉर्फिनच्या मानाने हे फार कमजोर, त्यात आतड्याच्या अस्तरावर डीपीपी-4 एन्झाइम त्याचे तुकडे करायला बसलेलंच, रक्तात जाऊन मेंदूपर्यंत पोचणं तर लांबची गोष्ट. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने (ईएफएसए) 2009 मध्ये सगळे पुरावे तपासले, बीसीएम-7 खाण्यात गेल्याने मधुमेह, हृदयरोग वगैरे होतात असा कार्यकारणसंबंध काही सापडला नाही.

पण म्हणून विषय सोडू नकोस, आतड्याचा भाग मला खरंच आवडतो, कारण ओपिऑइड जिथे चिकटून काम करतात ते रिसेप्टर तिथेही आहेत आणि तिथे काम करायला रक्तात जावं लागत नाही. लोपेरामाइड, जुलाबाची गोळी, नेमकी तशीच चालते. तुझं प्रकरण तिथून सुरू कर. आणि हो, कॅपा-केसीन या दुधातल्याच दुसऱ्या प्रोटीनमधून कॅसॉक्सिन नावाचे तुकडे निघतात, ते उलट हेच रिसेप्टर अडवतात, म्हणजे एकाच दुधात दोन्ही पार्ट्या! ते तू कुठेच लिहिलेलं नाहीस.

पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा नॅलोक्झोनवाला आलेख सोबत जोड.