मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, तेव्हा तेथे कोण शिकवत होते?

आपण विचारले आहे की, आपली मुलगी ठाण्यातील एका महाविद्यालयात शिकते, तिच्या पदवीपत्रावर मुंबई विद्यापीठाचे नाव येणार आहे, परंतु तीन वर्षांत विद्यापीठात पाऊल ठेवण्याची वेळ तिच्यावर एकदाही आली नाही. मग हे विद्यापीठ तिला शिकवते असे म्हणायचे का, आणि १८५७ साली ते सुरू झाले तेव्हा तेथे नेमके कोण, काय शिकवत होते? मी ठाण्यात, नौपाड्यात राहतो आणि याच विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे. हाच प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांनी मला अनेकदा विचारला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

थेट उत्तर असे की, १८५७ साली मुंबई विद्यापीठात कोणीही शिकवत नव्हते. विद्यापीठाला प्राध्यापक नव्हते, वर्ग नव्हते, वसतिगृह नव्हते आणि स्वतःची इमारतही नव्हती. कामकाज टाऊन हॉलमधून, म्हणजे आज जेथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे त्या वास्तूतून चालत असे. हे काही पैशाअभावी अर्धवट राहिलेले काम नव्हते, तर योजनाच तशी होती. १८५४ साली चार्ल्स वुड यांच्या नावाने ओळखला जाणारा शिक्षणविषयक खलिता लंडनहून आला. त्यात कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन करावीत, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर असावीत, असे सुचवले होते. त्या काळी लंडन विद्यापीठ ही शिकवणारी संस्था नव्हती. वेगवेगळ्या महाविद्यालयांत शिकलेल्यांची परीक्षा घेऊन पदवी देणारे ते एक मंडळ होते. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा नमुना येथे आणला असता, तर शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र राहतील अशा संस्था उभारण्याचा खर्च सरकारवर पडला असता. लंडनचा नमुना स्वस्त होता, आणि शिकवण्याचे काम सरकारी, मिशनरी व खाजगी अशा सर्व संस्थांवर सोपवून सरकारला धर्माच्या वादापासून दूरही राहता येत होते.

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी झाला. मे महिन्यात मेरठला उठाव झालेला होता, दिल्ली इंग्रजांच्या हातून गेलेली होती, आणि तरीही कलकत्त्यात बसून हा कायदा संमत केला जात होता, याचे मला आजही आश्चर्य वाटते. त्याच वर्षी जानेवारीत कलकत्ता विद्यापीठाचा आणि सप्टेंबरात मद्रास विद्यापीठाचा कायदा झाला. कायद्याच्या प्रास्ताविकातच विद्यापीठाचे काम सांगितले आहे: साहित्य, शास्त्र व कला यांत ज्यांनी प्रावीण्य मिळवले आहे अशा व्यक्ती परीक्षेद्वारे शोधून काढणे आणि त्यांना पदव्या देऊन गौरवणे. अध्यापनाचा उल्लेख त्यात शोधूनही सापडत नाही. मुंबईचा गव्हर्नर हा पदसिद्ध कुलपती. कुलगुरूची नेमणूक सरकार दोन वर्षांसाठी करणार. फेलो, म्हणजे विद्यापीठाचे नेमलेले सदस्य, यांची सिनेट ही मोठी सभा आणि रोजचा कारभार पाहणारी सिंडिकेट ही छोटी समिती, अशी रचना होती. पहिले कुलपती लॉर्ड एल्फिन्स्टन. पहिल्या फेलोंमध्ये बहुसंख्य इंग्रज अधिकारी होते, परंतु जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचीही नावे त्यांत होती.

मग शिकवत कोण होते? त्यासाठी आणखी तीस वर्षे मागे जावे लागते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (वर आलेले लॉर्ड एल्फिन्स्टन नव्हेत) १८२७ साली गव्हर्नरपद सोडून गेले, तेव्हा मुंबईतील नागरिकांनी त्यांच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक रुपये जमवले, आणि पुतळे-तसबिरींवर न थांबता त्या निधीतून प्राध्यापक नेमण्याचे ठरवले. त्यातून एल्फिन्स्टन संस्था उभी राहिली. बाळशास्त्री जांभेकर तेथे शिकवत होते आणि पुढे दादाभाई नौरोजी तेथेच गणिताचे प्राध्यापक झाले. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, १८५५ साली कायद्याचे वर्ग सुरू झाले, पुण्यात जुन्या संस्कृत पाठशाळेतून वाढत गेलेले पूना कॉलेज होते. विद्यापीठ आले ते या संस्थांच्या नंतर, त्यांच्या डोक्यावर छत्र धरल्यासारखे. महाविद्यालये आधी आणि विद्यापीठ नंतर, हा क्रम लक्षात ठेवला की पुढच्या पुष्कळ गोष्टी उलगडतात.

पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, १८५९ साली झाली. शंभराहून अधिक मुले बसली आणि जेमतेम वीसेक उत्तीर्ण झाली. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ साली पहिले चार बी.ए. बाहेर पडले: हे दोघे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पाच वर्षांत चार पदवीधर, हा आकडा आज कोणाला क्षुल्लक वाटेल. पण या चौघांना इंग्रजी, गणित, इतिहास, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान असे सगळेच विषय द्यावे लागले होते. एकच विषय निवडून त्यातच पदवी मिळवण्याची सोय नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांचे अर्थशास्त्रापासून इतिहासापर्यंतचे लेखन वाचताना त्या व्यापक अभ्यासक्रमाची छाया मला जाणवते. भांडारकर पुढे १८९३ साली याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्याआधी १८९२ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे पहिले भारतीय कुलगुरू झाले होते. ज्या संस्थेत परीक्षार्थी म्हणून प्रवेश केला, तिचे प्रमुखपद तीस-पस्तीस वर्षांत त्याच पिढीतल्या माणसाकडे आले, ही गोष्ट मी वर्गात नेहमी सावकाश सांगत असे.

इमारतींची कथा याहून वेगळी आहे, कारण ती सरकारी तिजोरीतून आलेली नाही. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत कापसाच्या व्यापारात अमाप पैसा आला. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी पदवीदान सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. कापसाचा व शेअरबाजाराचा सम्राट म्हटले जाणारे प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख दिले, आणि त्यानंतर मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे एवढीच त्यांची अट होती. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, मुंबईतील कागदी कंपन्या एकामागून एक बुडाल्या आणि खुद्द प्रेमचंदही दिवाळखोरीत गेले. परंतु विद्यापीठाला दिलेली देणगी तोवर दिली गेलेली होती आणि ती सुरक्षित राहिली. ज्या संपत्तीने शेकडो कुटुंबे धुळीला मिळवली, तिच्यातले हे एवढे चार लाख तरी दगडात उरले, असे मला त्या आवारात उभे राहिले की वाटते.

सभागृह, ग्रंथालय आणि मनोरा यांचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून काढले. ते स्वतः हिंदुस्थानात कधीच आले नाहीत. सभागृह १८७४ साली आणि २८० फूट उंचीचा राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांच्या मूर्ती कोरल्या आहेत. त्या घडवल्या गेल्या येथे, येथल्याच माणसांच्या देखरेखीखाली, त्यामुळे लंडनच्या आराखड्यावर कोकणी, गुजराती, काठेवाडी चेहरे आले. राजाबाई जैन होत्या, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा त्यांचा नेम होता आणि दृष्टी गेल्यामुळे घड्याळाच्या ठोक्यांनी त्यांना वेळ कळावी म्हणून मुलाने मनोरा बांधला, ही कथा आपण ऐकली असेल. तिला आख्यायिकेपलीकडे महत्त्व देऊ नये, परंतु ती सांगितली जात राहील यात शंका नाही.

आता विस्ताराकडे येतो. परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाला भूगोलाची मर्यादा फारशी नसते, आणि म्हणून मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र आज कल्पना करता येणार नाही इतके मोठे होते. कराचीचे सिंध कॉलेज, भावनगरचे सामळदास कॉलेज, अहमदाबादचे गुजरात कॉलेज, बडोद्याचे कॉलेज, कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन आणि १८८५ साली निघालेले फर्ग्युसन ही सगळी एकाच विद्यापीठाखाली होती. मोहनदास गांधी राजकोटला शिकले आणि १८८७ साली मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक अहमदाबाद केंद्रावर उत्तीर्ण झाले. टिळकांची बी.ए. आणि एल्‌एल.बी. याच विद्यापीठाची, डॉ. आंबेडकरांची मॅट्रिक आणि बी.ए.ही याच विद्यापीठाची. आपल्या घरातील वडीलधारी माणसे ज्याला ‘मॅट्रिक’ म्हणत, ती स्वातंत्र्याच्या सुमारापर्यंत शाळेची परीक्षा नसून विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती, एस.एस.सी. मंडळ त्यानंतर आले. ठाण्याहून मुंबईला रेल्वे १८५३ सालापासूनच धावत होती, त्यामुळे या व्यवस्थेचा लाभ घेणे आपल्या गावाला दूरच्या सिंध-काठेवाडपेक्षा पुष्कळच सोपे गेले.

या विस्तारातील एका गोष्टीबद्दल मला आजही मनापासून वाईट वाटते. प्रारंभीच्या परीक्षांत मराठी, गुजराती या देशी भाषांना जागा होती. १८६० च्या दशकात ती जागा काढून घेण्यात आली आणि संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना ती देण्यात आली. ॲरिस्टॉटलचे अभ्यासक असलेले सर अलेक्झांडर ग्रँट यांचा त्यात पुढाकार होता. देशी भाषांत उच्च अभ्यासाला पुरेसे वाङ्मय नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. ज्या भाषेत ज्ञानेश्वर आणि तुकाराम झाले, त्या भाषेविषयी हा निर्णय झाला आणि तो जवळजवळ चाळीस वर्षे टिकला. रानडे यांनी मराठीला विद्यापीठात पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून आयुष्याच्या अखेरपर्यंत सिनेटमध्ये खटपट केली. १९०१ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले आणि त्याच सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीला स्थान मिळाले. हे चालू असताना, १८९३ साली, आपल्या ठाण्यात विशीत असलेल्या वि. ल. भावे यांनी केवळ मराठी ग्रंथांसाठी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. पुढे मराठी वाङ्मयाचा पहिला मोठा इतिहास लिहिला तो याच भाव्यांनी. विद्यापीठ ज्या भाषेला पुरेसे वाङ्मय नाही म्हणत होते, तिचे वाङ्मय ठाण्यात एका कपाटापासून गोळा होत होते. आपण ठाण्यात राहता, म्हणून ही जोड मुद्दाम सांगितली.

स्त्रियांना परीक्षेला बसण्याची परवानगीही सुरुवातीला नव्हती. नियमांतील पुल्लिंगी शब्दांचा अर्थ फक्त पुरुष असाच घेतला जाई. १८८० च्या दशकात ही अडचण दूर झाली आणि कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकण्यासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, त्याचा काळ हाच आहे.

प्रत्यक्ष अध्यापन विद्यापीठाने हाती घेतले ते विसाव्या शतकात. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची मुभा दिली. त्यानंतर १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, जो पुढे गो. स. घुर्ये यांनी नावारूपाला आणला, आणि १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग निघाला, जो आज माटुंग्यात स्वतंत्र संस्था म्हणून नांदतो आहे. म्हणजे स्थापनेनंतर साठ वर्षांहून अधिक काळ विद्यापीठ हे परीक्षक होते, आणि त्यानंतरच ते थोडेसे शिक्षक झाले. स्वातंत्र्याच्या आसपास सिंध, पुणे, गुजरात, कर्नाटक, बडोदा येथे नवी विद्यापीठे निघाली आणि जुना अवाढव्य प्रदेश वाटला गेला. आता मुंबईची दोन्ही जिल्हाक्षेत्रे, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढे क्षेत्र उरले आहे, आणि विद्यार्थिसंख्या मात्र त्या जुन्या काळाच्या कित्येक पट आहे.

आपल्या मुलीच्या बाबतीत घडते आहे ते म्हणूनच काही विपरीत नाही. तिला शिकवतात महाविद्यालयाचे प्राध्यापक, आणि पदवी देते विद्यापीठ. १८६२ साली रानडे यांच्या बाबतीतही हेच घडले होते, कारण ते एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी होते. फरक झाला आहे तो इतकाच की, ठाण्यातील काही महाविद्यालये आता स्वायत्त झाली आहेत, अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्याच हाती आल्या आहेत, आणि ज्या एका कामासाठी विद्यापीठ जन्मले ते परीक्षेचे कामही तेथे त्याच्याकडे राहिलेले नाही. तिला विद्यापीठाच्याच प्राध्यापकांकडून शिकायचे असेल, तर एम.ए. किंवा एम.एस्सी.साठी कालिन्याच्या विद्यानगरीतील विभागांत प्रवेश घ्यावा. ठाण्याहून कुर्ल्याला उतरून पश्चिमेकडून तेथे जाता येते. आणि त्याआधी एखाद्या दिवशी तिला फोर्टला घेऊन जा, राजाबाई मनोऱ्याखालच्या ग्रंथालयाची रंगीत काचांची तावदाने तिला दाखवा.