वाचकांचे प्रश्न: संगणकावरील संगीतसंग्रह

प्रश्न (मिरजेहून एक वाचक): माझ्या संगणकावर गाण्यांच्या सुमारे ६१,००० फाइली असून त्यांनी ७०० जीबी जागा व्यापली आहे. त्यांत चित्रपटगीते, नाट्यपदे, ख्यालगायन आणि वडिलांनी खाजगी मैफलींत ध्वनिमुद्रित केलेल्या १८० कॅसेटींपैकी निम्म्या कॅसेटींचे रूपांतर आहे. एकाच गायकाचे नाव पाच प्रकारे लिहिले गेले आहे, एकच पद चार ठिकाणी सापडते आणि कित्येक फाइलींचे नाव नुसते 'ट्रॅक ०१' असे आहे. फोल्डर रागानुसार लावावेत की गायकानुसार, या घोळात मी तीनदा काम सुरू करून सोडून दिले. सगळे आपोआप लावून देणारी एखादी प्रणाली आहे काय?

उत्तर: राग की गायक, हा प्रश्न आपण सोडून दिलात तर काम पुढे सरकेल. फाइल एका वेळी एकाच फोल्डरमध्ये राहते, गाणे मात्र एकाच वेळी अनेकांचे असते. 'मानापमान' नाटक १९११ साली रंगभूमीवर आले. त्याच्या पदांना चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या, बालगंधर्वांनी भामिनीच्या भूमिकेत ती गायिली आणि पुढे कितीतरी गायकांनी मैफलीत ती आपापल्या ढंगाने मांडली. असे एखादे पद गायकाखाली ठेवावे, संगीतकाराखाली ठेवावे, नाटकाखाली की रागाखाली? चारही उत्तरे बरोबर आहेत, म्हणून ती फोल्डरवर न सोडता फाइलीच्या आत, टॅगमध्ये लिहावी लागतात. गायक, राग, ताल, नाटक, संगीतकार, साथीदार, ठिकाण आणि तारीख यांचे वेगळे रकाने एकदा भरले की संगणक तीच फाइल हव्या त्या क्रमाने समोर आणून ठेवतो. विंडोजवर एमपी३टॅग किंवा म्युझिकबी या प्रणालींत 'राग' किंवा 'ताल' असे आपले स्वतःचे रकाने जोडता येतात. फोल्डरने एवढेच सांगावे की ध्वनिमुद्रण कुठून आले: 'कॅसेट ०४७, अ बाजू', किंवा अमुक सीडी. हे नाव कधीही बदलू नका, कारण बदलले की त्यावर आधारलेल्या सगळ्या गाणेयाद्या तुटतात.

मी स्वतः एका गाणी वाजवणाऱ्या प्रणालीत काही वर्षे आवडीनिवडीच्या खुणा आणि टिपणे नोंदवत होतो. संगणक बदलला तेव्हा गाणी आली, खुणा आल्या नाहीत, कारण ती माहिती फाइलींत नसून त्या प्रणालीच्या स्वतःच्या कोशात होती. म्हणून जी नोंद टिकावी असे वाटते ती फाइलीच्या आतच जात आहे याची प्रणालीच्या सेटिंगमध्ये जाऊन खात्री करून घ्या.

यानंतरचा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग शुद्धलेखनाचा आहे. 'गंधर्व' एवढाच शब्द शोधला तर बालगंधर्व, सवाई गंधर्व, कुमार गंधर्व आणि छोटा गंधर्व असे चौघे एकत्र येतात, आणि रोमन लिपीतली नावे त्यांत येतच नाहीत. एका साध्या तक्त्यात प्रत्येक कलावंताचे एकच रूप ठरवून लिहा आणि टॅग भरताना नाव तिथूनच उचला. 'पं.' किंवा 'उस्ताद' ही बिरुदे नावाच्या रकान्यात नकोत. परंतु गायक भास्करबुवा बखले यांच्या नावातला 'बुवा' काढू नये, कारण रसिक त्यांना त्याच नावाने शोधतो. आणखी एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'ॲल्बम' मधला 'ॲ' हा स्वतंत्र वर्ण म्हणूनही टंकता येतो आणि 'अ' वर चंद्र देऊनही. 'कऱ्हाड' मधल्या अर्ध्या 'र' चेही तसेच दोन प्रकार आहेत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे शब्द असतात, आणि मग कऱ्हाडची मैफल शोधूनही हाती लागत नाही. एकच कळफलक वापरा आणि जुन्या नोंदींत शोध-बदल करून एकच रूप ठेवा.

आपोआप काम करणाऱ्या प्रणालीविषयी: म्युझिकब्रेन्झ या मुक्त कोशावर चालणारी पिकार्ड ही प्रणाली फाइलीच्या आवाजाचा ठसा काढून गाणे ओळखते. बाजारात आलेल्या आणि त्या कोशात नोंद झालेल्या ध्वनिमुद्रणांसाठी ती फार उपयोगी आहे. आपल्या चित्रपटगीतांचे बरेचसे काम ती करील. मात्र ६१,००० फाइली एकदम तिच्या स्वाधीन करू नका. फाइलींची नावे आणि जागा बदलण्याचा पर्याय बंद ठेवा, एका वेळी एक फोल्डर घ्या आणि जतन करण्यापूर्वी निकाल वाचा. शास्त्रीय संगीतात अधिक सावध राहावे लागते, कारण एकाच गायकाचा एकच राग अनेक ध्वनिमुद्रणांत असतो आणि केवळ नावावरून जुळवणी झाली तर फाइलीला चुकीची तारीख आणि चुकीचे साथीदार चिकटतात.

एकाच पदाच्या चार प्रतींपैकी तीन पुसण्याची घाई करू नका. फूबार२००० या गाणी वाजवणाऱ्या प्रणालीत टॅग वगळून निव्वळ आवाज ताडून पाहता येतो. तो तंतोतंत सारखा निघाला तरच एक प्रत काढावी. जुनी तबकडी पुढे एलपीवर आणि नंतर सीडीवर आली तेव्हा कुठे खरखर काढताना आवाजही बोथट झाला, कुठे फिरण्याचा वेग चुकला. ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तबकड्या नेहमी नेमक्या ७८ फेऱ्यांनीच ध्वनिमुद्रित झालेल्या नसत, त्यामुळे एकच गाणे दोन प्रतींत जवळजवळ अर्ध्या सुराच्या फरकाने ऐकू येऊ शकते. दोन्ही प्रती ठेवा आणि कोणती बरी वाटते ते टीप म्हणून लिहा.

पण हे सारे नंतर. आपल्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे रूपांतराविना राहिलेल्या ९० कॅसेटी. चित्रपटगीत आपल्याकडून हरवले तरी ते दुसरीकडे मिळेल. वडिलांनी मुद्रित केलेली मैफल कदाचित जगात फक्त आपल्या कपाटात असेल. त्या आधी घ्या. कॅसेट वाजवणाऱ्या डेकच्या हेडचा, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन कॅसेटीशी जुळत नसेल तर तंबोऱ्याची जवारी आणि तबल्याची चाट दबून येते, म्हणून जाणकाराकडून तो जुळवून घ्या. ६० मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने साठवली तर सुमारे ६३५ एमबी होते. फ्लॅक या प्रकारात आवाजाचा कोणताही भाग न गाळता ती बहुधा निम्म्याच्या आसपास येते. मूळ प्रतीतली खरखर काढू नका, ते प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा. कॅसेटीच्या वेष्टनावरचे वडिलांचे हस्ताक्षर छायाचित्र काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. आणि त्या बैठकींना हजर असलेले जे कोणी आज आहेत त्यांच्यासमोर ही मैफल वाजवा: तबल्याला कोण होते, बैठक कोणाच्या घरी होती, भैरवी कोणाच्या आग्रहाने झाली, हे कोणतीही प्रणाली सांगणार नाही. ते बोलतील तसे लिहून घ्या आणि त्याच दिवशी टॅगमध्ये भरा.

प्रश्न (मडगावहून एक वाचक): मी सर्व टॅग देवनागरीत भरले, पण गाडीतल्या यंत्रावर नावांच्या जागी चौकोन दिसतात. सगळे पुन्हा रोमन लिपीत करावे काय?

उत्तर: मुळीच नको. दोष बहुधा यंत्रातल्या अक्षरसंचाचा असतो, आपल्या नोंदींचा नव्हे. तरी एक गोष्ट तपासून पाहा: एमपी३ मधील सर्वांत जुन्या पद्धतीच्या टॅगमध्ये नावासाठी जेमतेम ३० बाइट असत आणि देवनागरीची सोयच नव्हती, तेव्हा आपले टॅग दुसऱ्या आवृत्तीचे आणि युनिकोडमध्ये आहेत ना, हे एमपी३टॅगमध्ये पाहून घ्या. एवढे करूनही चौकोनच दिसले तर मूळ संग्रहाला हात न लावता गाडीसाठी वेगळा पेनड्राइव्ह करा आणि त्यातल्या प्रतींचीच नावे रोमन लिपीत द्या. या प्रती एमपी३ असल्या तरी चालतील. उलट प्रवास मात्र करू नका: एमपी३ पासून फ्लॅक केल्याने गेलेला आवाज परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक): घरी दोन डिस्क एकाच पेटीत बसवल्या आहेत आणि एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटते. बॅकअप झाला असे समजावे काय?

उत्तर: नाही. एक डिस्क बंद पडली तर ही रचना आपल्याला वाचवील, पण चुकून पुसलेले फोल्डर त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवरूनही पुसले जाते, आणि विजेच्या धक्क्याने किंवा घरात शिरलेल्या पाण्याने दोन्ही एकदम जातात. एकूण तीन प्रती ठेवा: एक रोजच्या वापरातली, दुसरी एरवी संगणकापासून सोडवून कपाटात ठेवलेली, आणि तिसरी दुसऱ्या गावी, नातेवाइकांकडे. प्रत घेतली म्हणजे ती शाबूत आहेच असे नाही. फ्लॅक फाइलीत तिच्या मूळ आवाजाची तपासणी-संख्या आधीच लिहिलेली असते, त्यामुळे ती आतून बिघडली आहे का हे फूबार२००० सारखी प्रणाली सांगू शकते. वर्षातून एकदा, दिवाळीला गावी जाल तेव्हा, तिथली डिस्क जोडून ही तपासणी लावा. मोठ्या संग्रहाला काही तास लागतात, म्हणून ती रात्री सुरू करून झोपावे. बिघडलेल्या फाइलींची यादी निघाली तर त्यांच्या चांगल्या प्रती लगेच त्यांच्या जागी ठेवा आणि ती डिस्क बदला.